दीपगृहाची वाट सोडून

४ ऑक्टोबर

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. पोस्टमनच्या हातातून घेतलं ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचलं, मग चष्मा शोधून पुन्हा नीट वाचलं. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचं वर्कशॉप चालू आहे, म्हणजे इंजिनं येत नाहीत, पण बाबा जातात. पाहुण्यांच्या तिन्ही खोल्यांना रंग दिला. रंगाऱ्याने सांगितलेला निळा वेगळा आणि भिंतीवर आलेला निळा वेगळा, पण आता डोळ्यांना सवय झाली.

तू विचारलंस, चार दिवस येतोय, रोज एक याप्रमाणे कुठल्या वाटा चालाव्यात. बरं झालं विचारलंस. पाहुणा दारात बूट काढतो तेव्हाच मला कळतं, याला कुठे धाडायचं ते. तुझ्या नवऱ्याचे बूट मी पाहिलेले नाहीत, पण उजवा गुडघा दुखतो असं लिहिलंयस, त्यावरून ठरवलंय.

पहिल्या दिवशी खाडीकाठ. सगळी सपाट वाट. मासळी बाजाराच्या मागून निघायचं, लाकडी पूल ओलांडायचा आणि पाणी डाव्या हाताला ठेवून चालत राहायचं. ओहोटीला जा. तेव्हा पक्षी उतरतात, आणि उन्हात तो चिखल असा काही चमकतो की त्याला चिखल म्हणायला जीभ रेटत नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या खाणीची टेकडी. चढ आहे, पण वळणावळणाचा. वरून सगळं गाव दिसतं, बंदर, आपलं छप्परसुद्धा. मध्ये बाकं आहेत. दमलं की ‘जरा फोटो काढूया’ म्हणून बसायचं. सगळे नवरे तेच करतात.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्याने कोळ्यांच्या वस्तीपर्यंत जा आणि परत येताना बस घ्या. कोरड्या वाळूत गुडघ्याचे हाल होतील, म्हणून पाण्यालगतच्या घट्ट वाळूवरून चाला. बूट ओले झाले तर होऊ देत, वाळवायला मी आहे.

चौथ्या दिवशी विश्रांती घ्या. बाजारात फिरा, नाहीतर माझ्याजवळ बसा.

तुला वाटेल, म्हातारी एक वाट विसरली. विसरले नाही गं. ती वाट आता पूर्वीसारखी राहिली नाही. कड्यापासून बरीच आत घेतलीय, तारेचं कुंपण घातलंय. पाहुण्यांना मी सांगते, दीपगृहाकडे वारा फार असतो, जाऊ नका. तरी जातात, जाणारच, गावातल्या प्रत्येक दुकानात तेच चित्र टांगलेलं आहे. आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीला फोन पुढे करून मला फोटो दाखवतात. मी ‘छान आलाय हो’ म्हणते आणि चहा ओतते.

लंबू गेल्यापासून मी तिकडे पाऊल टाकलेलं नाही. वादळानंतर वाट बंद करायला गेला होता तो. नगरपालिकेचं कामच होतं त्याचं ते. खांद्यावर दोर, काखेत फलक. कुणी पडू नये म्हणून गेला, आणि कडा त्याच्याच पायाखालून सुटला. माझा मुलगा आणि तुझा पहिला नवरा, तुला हे काय मी नव्याने सांगायचं? पण या घरात कुणी ते तोंडातून काढत नाही. म्हणून कागदावर काढलं.

आता बाबांचं. तुझ्यापासून लपवत नाही. पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, “ती येऊ दे. तिचंच घर आहे. तो चष्मेवाला कशाला?”

मी म्हटलं, “अहो, चष्म्याचं दुकान आहे त्याचं, पण तिचा नवरा आहे तो आता.”

“मग गावात हॉटेलं कमी आहेत का?”

तर हॉटेलात उतरायचं नाही, हे माझं सांगणं. समुद्राकडची खोली तुमची. ते बोलले नाहीत तर बोलले नाहीत. तुझ्या नवऱ्याला एवढंच सांगून ठेव की या माणसाच्या रागाचा धनी तो नाही.

सावकाश या.

तुझी,
आई


२९ ऑक्टोबर

प्रिय सूनबाई,

सुखरूप पोचल्याचा फोन आला, पण तेव्हा बाबा शेजारीच उभे होते. फोनवर मला तसंही ‘हो’, ‘बरं’, ‘जप’ याच्यापलीकडे जाता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेलात आणि मी खोलीतली चादर बदलायला गेले ती तिथेच बसून राहिले. नंतर बाबा येऊन दारात उभे राहिले. म्हणाले, “राहू दे आजचा दिवस.” चादर अजून तशीच आहे.

तिसऱ्या दिवसाबद्दल तुला सांगायचंय. पायाला फोड आलाय, आज किनाऱ्यावर येत नाही म्हणालीस आणि दिवसभर झोपून राहिलीस, तो दिवस. तुझा नवरा आणि बाबा बाहेर गेले होते हे तुला माहीत आहे. ‘जरा पाय मोकळे करून आलो,’ एवढंच त्याने तुला सांगितलं असणार. तो सांगणाऱ्यातला नाही. बाबाही नाहीत, पण माझ्याजवळ अधूनमधून एकेक वाक्य टाकत गेले. मी ती जोडून लिहितेय.

पहिल्या संध्याकाळी बाबा ताटावरून उठून गेले ते तू पाहिलंस. तुझं तोंड एवढंसं झालं होतं. दुसऱ्या सकाळी तू आंघोळीला गेलेली असताना तुझा नवरा टेबलाशी बसून बाबांच्या चष्म्याकडेच बघत होता. एक काडी वाकडी, दुसरी दोऱ्याने बांधलेली, तुला माहीतच आहे. शेवटी न राहवून म्हणाला, “जरा देता?” बाबांना कळायच्या आत चष्मा त्याच्या हातात. खिशातून बारीकसा पेचकस काढला, वाकडी काडी सरळ केली, फुंकर मारली, परत दिला. बाबांनी घातला, वर्तमानपत्र उघडलं आणि पाचेक मिनिटांनी म्हणाले, “हं.” त्यांच्या तोंडचं ‘हं’ म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो पायरीवर एकटाच बसला होता. बाबा वर्कशॉपकडे निघाले, फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

“चालता येतं का तुला?”

“सपाट असेल तर येतं.”

“सपाट नाहीये.”

“मग हळू येतं.”

मी खिडकीत होते. बाबा डावीकडे वळले. डावीकडे दीपगृहाच्या वाटेशिवाय दुसरं काहीच नाही.

वर पोचले. कुंपणापाशी बाबा थांबले आणि बोट दाखवून म्हणाले, “इथे.” आजवर तिथे जो कोणी बाबांबरोबर गेला त्याने काही ना काही समजूत घातली. नशीब म्हणाला, वेळ आली होती म्हणाला. बाबा म्हणतात, मी वाटच पाहत होतो हा काय म्हणतो याची, म्हणजे मला रागवता आलं असतं. पण हा नुसता उभा. आणि विचारतो काय, “किती उंच होता तो?”

बाबांनी आपल्या डोक्याच्या वर हात धरला. “एवढा. दारातून आत येताना वाकायचा.”

मग बाबांनी विचारलं, “ती बोलते त्याच्याबद्दल?”

“बोलते. मी विचारतो म्हणून. आधी नाही बोलायची.”

“तुला त्रास नाही होत?”

“होतो. पण ती गप्प बसली की जास्त होतो.”

उतरताना त्याचा गुडघा धरला. एका पायरीवर अडकला तो अडकलाच, ना वर ना खाली. बाबांनी हात पुढे केला. तो म्हणाला, “राहू द्या, जमेल मला.” बाबा खेकसले, “धर म्हणतो ना!” आणि मग जो धरला तो पायऱ्या संपल्या तरी सोडला नाही, रस्ता लागला तरी सोडला नाही. सपाट रस्त्यावर, बाजारातून, सगळ्यांच्या देखत दोघं हात धरून आले. बेकरीवाली मला दुसऱ्या दिवशी म्हणाली, तुमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना दिसत नाही का हो? मी म्हटलं, त्यांना चांगलं दिसतं.

घरी आल्यावर बाबा न्हाणीघरात गेले. नळ वाहत होता, पण हात धुतल्याचा आवाज येईना. मी आत गेले. हात तसाच समोर धरून उभे होते. मला म्हणाले, “गरम होता गं त्याचा हात.”

लंबूला ओळखायला इस्पितळात बाबा एकटेच गेले होते. मला त्यांनी नेलं नव्हतं, तुलाही नाही. तिथे त्यांनी त्याचा हात हातात घेतला होता, हे मला त्या दिवशी न्हाणीघरात कळलं. इतकी वर्षं त्या माणसाच्या तळहातात तो गारठा होता आणि शेजारी झोपून मला ठाऊक नव्हतं.

आम्ही दोघं तिथेच ओल्या फरशीवर बसलो. तुम्ही वर खोलीत होतात. ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

आता बाबा म्हणतात, तूही चल एकदा. मी अजून गेलेले नाही. जाईन, असंही लिहीत नाही. पायांना सांगून पाहिलं, फाटकापर्यंत ऐकतात.

एक राहिलं. फोड काही मला पटला नाही. तुझ्या अंगावर पांघरूण घालताना दोन्ही पाय पाहिले मी. फोड कुठे होता? आणि तिन्ही सकाळी नळ सोडून तू आत काय करत होतीस, ते या घरात, या पातळ भिंतींमागे, मला कळणार नाही असं कसं वाटलं तुला?

मला दुखेल म्हणून सांगितलं नाहीस. दुखलंच. खोटं कशाला लिहू? या जिन्यावरून रांगत उतरू पाहणारं मूल मी मनात इतक्यांदा उचलून घेतलंय, आणि त्याचं नाक दर वेळी लंबूचं होतं. ते आता कधी येणार नाही, हे मला लंबू गेला त्या दिवशीच कळायला हवं होतं. पण ते मला तुझ्या खोलीच्या दाराबाहेर, हातात चहाचा कप घेऊन उभी असताना कळलं. तो चहा मी परत नेऊन ओतून दिला. तुझ्यावर रागावून नाही हो. दार वाजवलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं म्हणून.

त्यानंतर मी एकच गोष्ट घोळवत बसलेय. आत्या, मामी, चुलत, मावस, साडू, विहीण, सगळ्यांना नाव आहे. सुनेला दुसऱ्या नवऱ्यापासून झालेल्या मुलाचं आपण कोण, याला शब्द सापडेना. शेवटी बाबांना विचारलं. म्हणजे त्यांनाही कळलंच होतं. म्हणाले, “बोलायला लागलं की तेच सांगेल.”

जड उचलू नकोस. दुकानात फार वेळ उभी राहू नकोस. तुला वाटेल तेव्हा, वाटेल तशी ती बातमी लिही. मी ती पहिल्यांदाच ऐकतेय अशी वाचीन.

लंबूची आणि तुझी,
आई