मालतीच्या गटाचं मतदान

९ जानेवारी
काल मालतीचा तेरावा झाला. आज कामावर, ड्रॉइंग ऑफिसला गेलो. दुपारी तिच्या कॉम्प्युटर विभागातले तिवारी आले. "भाईसाहब, मैडम की वोटिंग शुरू हो गई."
कशाचं ते कळेना. त्यांनीच सांगितलं. मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर जगभरातल्या लोकांना बोलता यावं म्हणून इंटरनेटवर वेगळा चर्चागट काढावा, असा मालतीचा प्रस्ताव. आक्षेपांना महिनाभर तिनेच उत्तरं दिली. आता मतं मेलने द्यायची; गट मंजूर व्हायला होकार नकारांपेक्षा शंभराने जास्त हवेत.
ऑक्टोबरात तिने प्रस्तावाची छापील प्रत वाचायला दिली होती. मी म्हटलं, बातम्या होऊ देत. मग राहूनच गेलं.

१० जाने.
प्रत कपाटात सापडली. वाचली. लिहिलंय, आमच्याकडे दोन दिवस सगळी मेल अडकली होती, विचारायला कुणी नव्हतं. ते दोन दिवस आठवतात. ती उशिरा आली आणि मी जेवणावरून तिला नको ते...

१३ जाने.
तिवारी खुशीत. "पूरे सेक्शन ने वोट डाल दिया. बत्तीस! चपरासी रामदीन से भी टाइप करवाया. पूछ रहा था, अंगूठा नहीं चलेगा?"
हसलो. मग क्वार्टरवर आलो.

१७ जाने.
मतं मोजणाऱ्या परदेशी गृहस्थाची मेल. बत्तीस मतं एकाच मेल-पत्त्यावरून आली. विभागाला पत्ताच एक, सगळे त्यावरूनच लिहितात, खाली नाव घालतात. तिथे मात्र एका पत्त्याला एक मत. हे प्रस्ताव मांडणाऱ्यानेच करवून घेतलं असेल तर सगळं मतदान रद्द. खुलासा चार दिवसांत.
ती नाही हे तिकडे कुणालाच माहीत नाही.
तिवारी म्हणाले, "मैडम के नाम से लिख देते हैं. एम. पी. नगर के साइबर कैफे में सबके अलग पते भी खुलवा दूँ."
नको म्हटलं.
"आपको उनका ग्रुप नहीं चाहिए क्या?"
मी त्या मेलची छापील प्रत मागून घेतली.

२० जाने.
माझ्या नावाने चार ओळी लिहिल्या. माझी पत्नी मालती गेल्या महिन्यात वारली. माणसं खरी आहेत, प्रेमापोटी केलं, नियम ठाऊक नव्हता. त्यांची मतं काढा, बाकीच्यांची ठेवा. 'वारली' हे आजवर दुसऱ्यांनीच लिहिलं होतं, मृत्यूच्या दाखल्यावर. तिवारींनी वाचलं, चष्मा पुसला, पाठवलं.

२२ जाने.
उत्तर आलं. दुःख झालं म्हणतात. बत्तीस बाद, मतदान चालू. पण तिच्या जागी प्रस्ताव सांभाळायला कुणी तरी हवं, लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायला. नाव आजच कळवा, नाहीतर प्रस्ताव मागे घेतला असं धरू.
तिवारींची बदली आली आहे, पुढच्या आठवड्यात जाणार. विभागात दुसरं कुणी तयार नाही.
माझं नाव दिलं. मला यातलं काही येत नाही, हेही लिहिलं.
निकालाला आठ दिवस. मतं पुरतील की नाही, तिवारींनाही सांगता येत नाही.
संध्याकाळी तिच्या टेबलावरचं सॉफ्टवेअरचं जाड पुस्तक घेतलं. पहिलं पान दोनदा वाचलं. समजलं नाही. पेन्सिल तासली, आणि जे शब्द अडले त्यांच्याखाली रेघा मारत पुन्हा वरून सुरुवात केली.