शेळीची साक्ष

प्रिय दादा,

पत्र लिहायचं लिहायचं म्हणत दोन पेनं हरवली. खरं सांगू? पेनांचा काही दोष नाही, मीच टाळत होते. का, ते येईल पुढे. आधी गंमत ऐक, नाहीतर मी तीच विसरेन.

सध्या मी आहे तो कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. शेतात उरलेली सूर्यफुलाची धाटं आणि सुतारांकडचा भुसा आणायचा, यंत्रात दाबायचा आणि जाळायला कांड्या करायच्या. मालकिणीला सगळे काकी म्हणतात. ती सगळ्यांना गाढव म्हणते. माझं काम टेंपोवाल्याबरोबर गावोगाव फिरून धाटं गोळा करायचं. भटकण्याचा पगार मिळतो, दादा! ज्यासाठी मास्तर बाकावर उभं करायचे, त्याचा!

तर आपल्यासारख्या देशांतल्या असल्या कारखान्यांना परदेशातून जे अनुदान येतं, त्याचे नियम यंदा बदलले. पूर्वी यंत्र घेतलं की अनुदान; त्यात काय जाळता ते कुणी विचारत नव्हतं. आता अख्खं झाड जाळलं तर छदामही नाही. (हे वाक्य लिहिताना जरा थांबले होते.) जनावरांचा चारा जाळला तरी नाही. कुणाच्याच कामाचं नाही असं उरलंसुरलं तेवढंच चालतं. काकीने अनुदानाच्या भरवशावर धाटं सुकवायची भट्टी मागवलेली. ते नाही मिळालं तर शेडला कुलूप आणि आम्ही रस्त्यावर. मला रस्त्याची सवय आहे, पण टेंपोवाल्याच्या घरी तीन मुली आहेत.

तपासनीस बाई आल्या. ढिगाकडे बघून म्हणाल्या, हे जनावरं खात नाहीत कशावरून? काकी म्हणाली, आत्ता दाखवते. आणि मला पिटाळलं, जा गं, एखादं जनावर घेऊन ये. गाय लांब होती. शेळी कोपऱ्यावरच बांधलेली, शिवाय माझ्याकडे बघत होती. आणली. ती ढिगावर चढली आणि जन्माची उपाशी असल्यासारखी धाटं खायला लागली. काकीने माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं पुढची कांडी माझीच. तेवढ्यात शेळीने धाटं सोडून टेंपोवाल्याच्या खांद्यावरचा पंचा धरला, मग ताडपत्रीची दोरी. बाईंना हसू आवरेना. म्हणाल्या, ही साक्ष बाद, हिच्या हिशेबाने मीसुद्धा चाराच, गाय आणा. गाईने हुंगलं, फुरफुरली आणि ढिगाकडे पाठ करून उभी राहिली. खात्रीसाठी दोन म्हशी आणल्या, त्यांनी हुंगायचेही कष्ट घेतले नाहीत. मंजूर! काकी चप्पल तुटेस्तोवर नाचली. त्या दिवशी मला गाढव नाही म्हणाली, शेळी म्हणाली.

आता जे टाळत होते ते. ज्या नियमाने आमचं भलं झालं, त्यानेच तुमचा कारखाना बंद पडला ना? तुम्ही अख्खी खोडं जाळायचात. तू घरी बसलेला असताना इथे आम्ही नाचलो, हे कुठल्या तोंडाने लिहू? पण परवा भट्टी आली, आणि ती सांभाळणारं इथे कुणीच नाही. मी काकीला म्हटलं, माझ्या दादाने इतकी वर्षं तेच केलंय. ती म्हणाली, तुझ्यासारखा नसेल तर बोलाव. म्हणून हे पत्र. नेहमी तू मला परत ये म्हणतोस, या वेळी तू ये. धाकट्या बहिणीच्या शब्दावर काम कसं घेऊ, असलं काही डोक्यात आणू नकोस. आणि वहिनीला नीट विचार, ती

अरे, थांब! फाटकाशी वहिनीच उभी आहे! कडेवर छोटी, हातात पिशवी. फोनवर मी भट्टीबद्दल जरासं बोलून गेले होते, तेवढं पुरलं तिला. तुला माहेरी जाते म्हणून सांगितलं म्हणे. तू विचार करण्यात महिना घालवला असतास, असं तिचं म्हणणं. पेन टाकून धावले होते, आता छोटीला मांडीवर घेऊन हे लिहितेय, कारण पलीकडे वहिनी आणि काकीची तुझ्या पगारावरून जुंपलीय. आणि दादा, काकी हरतेय!

तुझीच,
भिंगरी