तिला मथळे ऐकू यावेत म्हणून

३ मार्च, मंगळवार

वही दादाच्या हाती लागली! जेवताना आईसमोर मोठ्याने वाचली – "तिचा आवाज आला की काळजाचं पाणी होतं." वर मला म्हणतो, "उकळून, गाळून घेत जा रे." आईसुद्धा हसली!

बस्स. आजपासून रोजनिशी ऑफिसच्या संगणकावर. आम्ही बनवतोय त्या रुग्णालयाच्या साइटच्याच फोल्डरमध्ये एक पान केलंय, नाव ‘जुने’. तारखांचेच मथळे केलेत. जुन्यात कोण डोकावतंय?

४ मार्च, बुधवार

ती आमच्या साइट तपासते. तिला दिसत नाही. स्क्रीन रीडर पान वाचतो आणि ती ऐकते – इतक्या वेगात की मला वाटतं कुणी भांडतंय. ओळ न् ओळ ऐकत नाही, मथळ्यामथळ्यावरून उड्या मारते. मुख्य मथळा पहिल्या पातळीचा, विभाग दुसऱ्या, पोटविभाग तिसऱ्या. सरळ जिना! पण आमचा डिझायनर अक्षर केवढं हवं त्यावरून पातळी देतो. मोठं हवं – दोन. बारीक हवं – पाच. म्हणे छान दिसतं.

"मधल्या पायऱ्या काढून टाकायच्या," ती म्हणाली, "आणि मी पडले की म्हणायचं, जरा बघून चालावं!"

रुग्णालयाची एक्केचाळीस पानं. हाताने किती दुरुस्त करणार? पातळ्या आपोआप लावणारा छोटा प्रोग्राम, एक स्क्रिप्ट, लिहितो – बोलून बसलो! साहेब हसले. "कॉलेज पुरं झालं नाही, स्क्रिप्ट पुरी होणार?"

होणार! तुमच्या नाकावर टिच्चून होणार.

६ मार्च, शुक्रवार

तोंडघशी पडलो. माझी स्क्रिप्टही अक्षराच्या आकारावरूनच पातळी ठरवत होती. म्हणजे मी त्या डिझायनरचाच सख्खा भाऊ! पानावर सगळ्यात मोठं अक्षर कशाचं? ‘पार्किंग बंद आहे’.

तिने ऐकलं. "अभिनंदन. तुमचा हृदयरोग विभाग पार्किंगच्या हाताखाली काम करतो."

अख्खं ऑफिस खिदळलं. कान तापले. साहेब म्हणाले, "पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ. तिला एक जरी चूक सापडली तर स्क्रिप्ट बाहेर – आणि तूही."

बघूच.

९ मार्च, सोमवार

बाबा म्हणतात, निदान परीक्षेला तरी बस. नाही म्हणजे नाही!

१० मार्च, मंगळवार

सापडलं! सकाळी आई फडताळात डबे रचत होती. डब्यात डबा, त्यात डबी. तिथेच ओरडलो. आईला वाटलं, झुरळ.

मथळा केवढा दिसतो हे विचारायचंच नाही. तो कुणाच्या पोटात आहे एवढंच विचारायचं. बाहेर कुणी नाही, तर पहिली पातळी. एका डब्याच्या आत, तर दुसरी. त्याच्याही आत, तर तिसरी. एखादा विभाग उचलून दुसरीकडे ठेवला की पातळी आपोआप बदलते. दिसणं सगळं वेगळं ठरवा, रंगवा हवं तसं!

डिझायनर लाल झाला. "माझे मथळे बिघडले म्हणजे?"

"केसभरही बदलणार नाहीत. फक्त आता खरं बोलतील."

ती पलीकडून हसली. हळूच. काळजाचं पाणी – न उकळता, न गाळता!

१२ मार्च, गुरुवार

एवढं लिहून झालं की अख्ख्या फोल्डरवर स्क्रिप्ट चालवायची आणि तपासणीला पाठवायचं. साहेब येता-जाता घड्याळ दाखवतात. दाखवा! मी घाबरत नाही.

खोटं. घाबरतो. नोकरीला नाही – नोकऱ्या छप्पन्न मिळतील. पण इथून हाकललं की तो आवाज गेला. आज तीनदा तिच्या टेबलापाशी गेलो. तीनदा तोंडून काय निघालं? "पातळी बरोबर येतेय ना?" साहेबांपुढे वाघ, डिझायनरपुढे वाघ, तिच्यापुढे शेळी. ती म्हणाली, "तुम्ही फार वेळ गप्प उभे राहता. कळतं मला." काय कळतं? पळून आलो.

१३ मार्च, शुक्रवार

साहेबांना तिचा अहवाल – एक्केचाळीस पानं, चूक शून्य. साहेबांनी घड्याळाचा हात खिशात घातला! मी नाचणारच होतो, तेवढ्यात दुसरा आला. फक्त मला.

"बेचाळिसावं पान, ‘जुने’. सहा मथळे, सहाही पहिल्या पातळीचे. पानाला मुख्य मथळाच नाही, त्यामुळे विषय कळायला सहाही तारखा ऐकाव्या लागल्या. पान रुग्णालयाचं नसल्याने साहेबांच्या यादीत घेतलेलं नाही. दुरुस्त करा. पुन्हा ऐकेन."

मुख्य मथळा दिलाय, अगदी वर. तारखा आपोआप एकेक पायरी खाली सरकल्या. त्यातली ‘ती’ म्हणजे तुम्ही.

ऐका.