हळदीच्या वासाची पट्टी

अहो,

भाकरी टोपल्यात आहे. वरण बिनमिठाचं आहे, नाक मुरडू नका. तांब्यात ठेवलंय तेवढंच पाणी प्या. माठाकडं फिरकलात तर शेजारच्या सरूबाई मला सांगणार आहेत.

काल डायलिसिस करून आलो म्हणालात. एरवी आल्या आल्या आडवे पडता, काल मात्र चहा मागितलात. वर म्हणे, "बघ, एकट्यानं जमतं मला. तू वाळूजच्या कॅन्टीनची ती मोठी नोकरी घे." तुम्ही झोपल्यावर हातावरची पट्टी पाहिली. दवाखान्याच्या पट्टीला हळदीचा वास येत नाही. ती आपल्या मसाल्याच्या फळीवरची होती. सकाळी नर्सबाईंना फोन केला. सोबत कुणी नाही म्हणून त्यांनी तुम्हाला परत पाठवलं, व्हय ना?

रागवणार होते, पण लई थकलेय. तिप्पट पगार मलाही हवा होता, खोटं कशाला बोलू? पण तीन पाळ्या सांभाळून तुमच्याशेजारी कोण बसणार?

वाळूजला नोकरीला 'नाही' म्हणून सांगायला चाललेय, लगेच परत येते. नर्सबाईंनी दुपारी मशीन धरून ठेवलंय. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून तयार राहा. अन् ती पट्टी काढू नका, त्यांनाही बघू द्या तुमची कारागिरी.

द्वारका