साडूभाऊ, पट्ट्यावर मीही चढलो

आदरणीय साडूभाऊ,

साष्टांग नमस्कार. (वाकायला सध्या डॉक्टरांची मनाई आहे, तेव्हा कागदावरच आडवा पडलो असं समजा.) आपली तब्येत कशी आहे? हा प्रश्न मी दर पत्रात रीतीपुरता विचारतो, या वेळी मनापासून विचारतोय. का, ते पुढे येईलच. ताईंना नमस्कार. आमच्याकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तेही लिहून टाकतो.

तर झालं असं, की गिरणीच्या पायऱ्या पोतं घेऊन चढताना छातीवर कुणी दुसरं पोतं ठेवल्यासारखं वाटायला लागलं. जरा थांबलं की जायचं. मी म्हटलं, पीठ नाकातोंडात गेलं असेल. (जन्मभर जातंच आहे, पण माणसाला कारण लागतं.) वर पोहोचलो की मी वजनकाट्यावर टेकायचो आणि कुणी पाहिलंच तर काटा तपासतोय असं दाखवायचो. त्यामुळे गिऱ्हाइकांत माझ्या सचोटीचा फार बोलबाला झाला. हा गिरणीवाला दिवसातून कितीदा काटा तपासतो बघा, म्हणून लोक लांबून दळण घेऊन येऊ लागले. म्हणजे पोती वाढली, आणि काट्यावर बसणंही वाढलं. शेवटी बायकोने एक दिवस काट्यासकट मला पाहिलं आणि दंडाला धरून डॉक्टरांकडे नेलं.

तिथे आडवं पाडून कार्डिओग्राम काढला, तो स्वच्छ निघाला. मी चपला शोधायला लागलो, तर डॉक्टर म्हणाले, थांबा, झोपलेला माणूस कुणाशीच भांडत नाही, हृदयाचंही तसंच. त्याला जरा कामाला लावून बघू. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या अरुंद झाल्या असतील तर बसल्या जागी भागून जातं, धावपळीत तुटवडा पडतो. मला हे लगेच पटलं. गिरणीसुद्धा रिकामी फिरते तेव्हा कुरकुरत नाही.

मग स्ट्रेस टेस्ट. छातीवरचे केस भादरले, जागोजागी चकत्या चिकटवून वायरी जोडल्या, आणि मला त्या चालत्या पट्ट्यावर उभं केलं. माझा उभा जन्म पट्ट्यांशी गेला, पण पट्टा पायाखाली यायची ही पहिलीच वेळ. डावीकडून तो किंचित सैल आहे हे मी तिथल्या तंत्रज्ञ बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, समोर बघा. (तो सैल आहेच. पाना असता तर मीच आवळून दिला असता.)

आता खरं सांगतो. समोर बघा म्हटल्यावर मला समोर तुम्ही दिसलात. गेल्या वर्षी तुम्ही याच पट्ट्यावर चालून आलात आणि भाच्याच्या लग्नात पाहुण्यांना धरधरून सांगितलंत, की मशीन थकलं, मी नाही. तुम्ही शाळेत पोरांना पळवून पळवून निवृत्त झालेले कवायत मास्तर, आणि मी पिठातला माणूस. म्हटलं, आज साडूभाऊंवर वरताण करायचीच. थोड्या थोड्या वेळाने पट्टा वेग घ्यायचा, चढ वाढायचा, आणि बाई विचारायच्या, छातीत दुखतंय का? दुखत होतं, चांगलंच दुखत होतं. मी म्हणायचो, छे! (दुखलं तर लगेच सांगा, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. दमलात तर हार माना, असा मी त्याचा अर्थ घेतला.) तेवढ्यात डॉक्टरांनी मशीन थांबवायला सांगितलं. मी म्हटलं, अजून दम आहे माझ्यात. ते म्हणाले, तुमच्यात असेल, रेघेत नाही. बघतो तर कागदावरची रेघ ठोक्याठोक्याला मध्येच खाली बसलेली. मी तोंडाने नाही म्हणत होतो आणि हृदय तिकडे हो म्हणून लिहून देत होतं.

पलंगावर धाप टाकत पडलो, तरी खुमखुमी जाईना. बाईंना विचारलं, आमच्या साडूंपेक्षा जास्त चाललो ना? तेच, गळ्यात शिट्टी घालून आले असतील. बाई बोलून गेल्या, की त्यांना तर तुमच्या कितीतरी आधी उतरवलं होतं, पुढच्या तपासणीला या म्हटलं तर परत आलेच नाहीत. मग जीभ चावून वायरी गुंडाळायला लागल्या.

साडूभाऊ, मी जिंकलो. इतकं वाईट मला हरल्यावरही कधी वाटलं नव्हतं. वर्षभर हे उरात घेऊन तुम्ही आम्हाला हसवत राहिलात. तुम्हाला रागवायला मला तोंड नाही, कारण बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला मीही हसत हसत सांगितलं, की टेस्ट उत्तम झाली.

आपला,
गिरणीवाला साडू

ता. क. – डॉक्टर म्हणतात, या टेस्टने नुसता संशय येतो; नळ्यांत खरोखर काय आहे ते अँजिओग्राफी केल्यावर दिसेल. मला मंगळवारी बोलावलंय. मला भीती वाटते. एकट्याने आडवं व्हायची हिंमत होत नाही. तुम्ही या, डॉक्टरांना विचारून तुमचंही नाव घालू. शेजारशेजारच्या खाटा मिळतात का ते बघतो. नाही म्हणू नका.

आणखी ता. क. – दोघी बहिणींना यातलं काही कळू देऊ नका, उगाच हाय खातील. ताईंना सांगा, गिरणीचा पट्टा बदलायला मदतीला बोलावलंय.

(अक्षर बदललं आहे, त्याबद्दल क्षमा.) भाऊजी, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. हसत हसत टेस्ट झालेला माणूस घरी येऊन एवढं गप्प बसत नाही, हे मला कळतं. ताईलाही तुमचं वर्षभरापासून कळतंय. तुम्ही कबूल करणार नाही म्हणून ती बोलली नाही. फिरायला गेल्यावर ती गुडघे दुखतात म्हणून दर थोड्या अंतरावर बसते ना, तिचे गुडघे ठणठणीत आहेत. मंगळवारी तिला घेऊन या, आणि नंतर तिला जरा भरभर चालू द्या.