लिपा टॅक्सी कुणाची बटीक नाही

२६ सप्टेंबर २०२२, येकातेरिनबुर्ग
युद्ध असो वा नसो, आमची कंपनी स्वतंत्र आहे. सक्तीची भरती सुरू झाल्यापासून ऑफिसात कुजबुज चाललीय, की सुरक्षा खातं प्रवाशांच्या नोंदी मागणार. मागू देत. मी कागदपत्र विभागाची प्रमुख आहे. लिपाच्या ॲपमधली एक ओळही माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाही.
चहातली साखर आजपासून बंद.

२७ सप्टेंबर
प्रोग्रामर रोदिओन दार न वाजवता आत आला. त्याचा धाकटा भाऊ सावेली भरतीची चिठ्ठी आल्यावर मावशीच्या गावी जाऊन लपलाय. गेला कसा? आमच्याच टॅक्सीने! रोदिओनला ती एक फेरी पुसायची आहे. म्हणाला, झिनाइदा अर्काद्येव्ना, तुमची नुसती सही द्या, मी दोन मिनिटांत उडवतो. मी म्हटलं, घाबरून नोंदी पुसणारी कंपनी स्वतंत्र कसली? लेखी अर्ज दे. फेरीचा नंबर, तारीख, कुठून कुठे, सगळं घाल.
दार वाजवायलाही सांगितलं.

२९ सप्टेंबर
सुरक्षा खात्याचं पत्र आलं. जावक क्रमांक नाही. परत पाठवलं.
डायरेक्टरसाहेबांनी झोपेचे थेंब घेतले. दुपारी दोनला! मी मात्र जेवणात खिमा भरलेले पेल्मेनी दोनदा घेतले.

३ ऑक्टोबर
दुसरं पत्र. शिक्का पुसट. परत. एवढं मोठं खातं, एका बाईपुढे हात टेकतं.
रोदिओनचा अर्ज आला. नीट लिहिलाय. टेबलावर ठेवला आहे. तो म्हणाला, आज सही कराल ना? मी म्हटलं, लढाई जिंकत असताना पळायचं नसतं. तो म्हणाला, लढाईत माझा भाऊ जाईल, तुम्ही नाही. उद्धट आहे, आणि आईवेगळा वाढलेलाही नाही, हे लक्षात घेता माफी नाही.
साखर अर्धा चमचा. डोकं चालवावं लागतं.

५ ऑक्टोबर
तिसरं पत्र. अठरा ते पन्नास वयाच्या सगळ्या पुरुषांच्या फेऱ्या हव्यात म्हणे. सरसकट मागणी नियमात बसत नाही. परत!
संध्याकाळी खात्याच्या मेजर शुल्गिनचा फोन. आवाजात घाम. म्हणाला, बाई, तुम्ही शाळेत शिकवत असता तर आमचं अख्खं खातं नापास झालं असतं. आता निदान बरोबर उत्तर तरी दाखवा. अखेर खात्याने आमचे नियम मान्य केले. स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

६ ऑक्टोबर
मेजरसाठी विनंतीपत्राचा नमुना तयार केला. कोरा नमुना देणं म्हणजे अर्धवट काम, आणि अशा माणसांना उदाहरणाशिवाय कळत नाही. म्हणून रकाने भरून दिले. एक पूर्ण, अचूक नोंद समोर टेबलावर होतीच.
रोदिओनने जिन्यात गाठून सहीचं विचारलं. सोमवारी बघू म्हटलं.

७ ऑक्टोबर
चौथं पत्र आलं. जावक क्रमांक आहे, शिक्का ठळक, प्रवासी एकच, फेरीचा नंबर बरोबर. एकही चूक नाही! सहा वर्षांत असं पत्र पाहिलं नव्हतं. अडवायला कारण उरलं नाही. कंपनीच्या स्वतंत्र निर्णयानुसार नोंद दिली.
साखर दोन चमचे.

१० ऑक्टोबर
रोदिओन राजीनामा घेऊन आला. या वेळी दार वाजवलं. शनिवारी पहाटे सावेलीला मावशीच्या घरातून उचललं. आठ दिवसांचं प्रशिक्षण, मग आघाडीवर. मी म्हटलं, वाईट झालं, पण विनंती नियमानुसार होती. तो म्हणाला, मावशीला त्यांनी विनंतीचा तो कागद दाखवला. वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरात नमुना असं छापलेलं होतं.
तो गेल्यावर फाइल काढून पाहिली. खरंच आहे. मेजरने माझा कागद जसाच्या तसा उतरवला, तो शब्दसुद्धा.
एवढ्या कारणावर पत्र परत करता आलं असतं.
यापुढे वरचा कोपरा आधी तपासायचा.