तोमोयाचा अर्धा राहिलेला खेळ

३ नोव्हेंबर
डोकं उठलं! एका व्हिडिओ गेममध्ये माणसं इतकं बोलतात? पाववाला बोलतो, विहिरीवरची बाई बोलते, वेशीवरची पाटीसुद्धा वाचावी लागते. लढाई कधी सुरू होणार देव जाणे.
तोमोयाला जाऊन वर्ष होत आलं. त्याचा हा खेळ अर्धाच राहिला. सासूबाईंना पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून खेळायचं मी आणि मोठ्याने वाचायचंही मीच. तेही पितरांच्या देव्हाऱ्यातल्या त्याच्या फोटोसमोर बसून! "जोरात वाच गं मिनाए, त्याला ऐकू गेलं पाहिजे."
वाचते. एकदाचा संपला की मी मोकळी.

५ नोव्हेंबर
दादाचा सेंदाईहून फोन. "नगरपालिकेत एक अर्ज दिलास की सासरशी नातं कायद्याने संपलं. विचारायचं नाही, कळवायचंही नाही. अजून चाळिशी नाही आली तुझी! नवरा गेला, आता त्याच्या आईची उस्तवार करत बसणार?"
खरंच आहे त्याचं. पण खेळ पुरा करायचा शब्द दिलाय सासूबाईंना. तो झाला की अर्ज.

९ नोव्हेंबर
खेळातल्या गावात आजार पसरलाय, औषध सापडेना. दोन दिवस नुसती गल्ल्यांतून फिरतेय. शेवटी सासूबाई वैतागल्या — "अगं, घरांत शिरून बघ ना!"
"कुणी या म्हटलं नाही. कशी शिरू?"
"कपाटंही उघडायची असतात, बाई! तोमोया लहानपणापासून हेच करायचा."
लोकांची कपाटं! शिरले. आणि तोंडातून आपसूक निघालं, "माफ करा हं, आत येतेय." सासूबाई हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. तो गेल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला राग आला. कशाचा, कळेना.

१४ नोव्हेंबर
नावाडी रोज एकच म्हणतो — "आज पाणी वाढलंय, उद्या या." मी चिडून बटण दाबत सुटले होते. सासूबाई म्हणाल्या, "परत बोल त्याच्याशी." बोलले. परत बोलले. तेव्हा कुठे सांगितलं त्याने, बायको याच पाण्यात गेली म्हणून. पुढे पळाले असते तर हे कळलंच नसतं.
दिवसभर कामावर तोच डोक्यात.

२२ नोव्हेंबर
मजा येतेय. लिहायची लाज वाटते, पण येतेय! प्रत्येकाला वेगळा आवाज काढते. कोतवालाला दादाचा दिलाय.

३० नोव्हेंबर
आता फक्त किल्ला राहिलाय. तिथे गेलं की संपलं. मी म्हटलं, "आई, आधी गावात जाऊन येऊ. शिंपिणीशी बोलायचं राहिलंय."
"तीनदा बोललीस तिच्याशी."
तरी मी गावाकडेच वळले.
दादाने खोली बघून ठेवलीय. मी जायचं म्हणतेय की नाही? माझं मलाच समजत नाही. राहिले तर दया म्हणून राहिले असं होईल. गेले तर — या एकट्या, आणि बर्फ पडायला लागलंय.

७ डिसेंबर
संपला. दोघी रडलो. सासूबाईंनी देव्हाऱ्यातली घंटी वाजवली. "संपला रे, तोमोया. छान वाचलं हिने."
मग माझ्याकडे वळून — "उद्या तो अर्ज देऊन ये."
यांना कसं कळलं!
"तुझ्या दादाचा आवाज फोनबाहेर येतो. मला दिसत नाही, ऐकू चांगलं येतं." चहा ओतताना थोडा सांडला त्यांच्याकडून. "मीपण दिला होता. तोमोयाचे बाबा गेले तेव्हा. संध्याकाळी घरी येऊन सासूला भात वाढला. ती जाईपर्यंत वाढला. पण त्या दिवसापासून कुणाची सून म्हणून नाही वाढला."
मी सांडलेला चहा पुसला.

८ डिसेंबर
अर्ज दिला. आता त्या माझ्या कायद्याने कुणीच नाहीत.
येताना टोफू घेतला. दोघींपुरता.